घरच्यांनी बाहेर जावं

'बहुउद्देशीय' हा शब्द ज्या कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला, त्याला एकदा नकाशाबाईंच्या टेबलापाशी आणून बसवायला हवं होतं. हातात पेन्सिल द्यायची, समोर कोरा कागद ठेवायचा आणि म्हणायचं, काढ बाबा. एकाच हॉलमध्ये नाटक झालं पाहिजे, बॅडमिंटन झालं पाहिजे, लग्नाची जेवणं उठली पाहिजेत, मतदान झालं पाहिजे, म्हाताऱ्यांचे व्यायाम झाले पाहिजेत आणि उरलासुरला वेळ मिळाला तर गाणंही. आणि सगळं लाकडाचं. कारण गावाबाहेरच्या लाकूड गिरणीवाल्याने लाकूड द्यायचं कबूल केलं होतं, आणि त्याचं मन फिरायच्या आत ते भिंतींना ठोकून टाकावं अशी समितीला घाई झाली होती.

गावात नकाशाबाई एकट्याच आर्किटेक्ट. त्यांचं सगळं आयुष्य लोकांची स्वयंपाकघरं वाढवण्यात गेलं होतं. कुणाला ओटा खिडकीखाली हवा, कुणाला गॅरेजवर खोली हवी, कुणाला सासूची आणि सुनेची बाथरूम वेगवेगळी हवी, आणि तीही शक्यतो घराच्या दोन टोकांना. गावातल्या निम्म्या घरांचे पाइप कुठल्या भिंतीतून जातात हे त्या डोळे मिटून सांगू शकल्या असत्या. बेकरीवाल्या काकूंसाठी त्यांनी एक जिना काढला होता. तो इतका सोपा होता की गुडघे धरून चालणाऱ्या काकू दिवसभर उगाचच वरखाली करायच्या. त्या जिन्याचा नकाशाबाईंना अभिमान होता, पण जिना बघायला कोण येतं? लोक वर जातात आणि जिना विसरतात. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली होती आणि लोकांनी मान वर करून पाहावं असं एकही छप्पर त्यांच्या नावावर नव्हतं. त्यामुळे हॉलचं काम आलं तेव्हा त्यांनी अध्यक्षांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, आधीच हो म्हणून टाकलं.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण त्यांच्याच घरात, समोरच्या खुर्चीत बसून भाजी निवडत असायचं.

ते म्हणजे मास्तर, त्यांचा नवरा. शाळेत संगीत शिकवायचे आणि संध्याकाळी गावातल्या हौशी लोकांना गोळा करून गाणी बसवायचे. गाव त्यांना 'गाणारी मंडळी' म्हणायचं. त्यात बसचे ड्रायव्हर होते, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, बेकरीवाल्या काकू होत्या, आणि मास्तरांची थोरली बहीण होती, म्हणजे नकाशाबाईंची नणंद. तिला सगळं गाव ताई म्हणायचं आणि तिच्या तोंडाला घाबरून असायचं. मंडळींना गायला जागा मिळाली होती ती शाळेची जेवणाची खोली. चारी भिंतींना छतापर्यंत टाइल्स. एक ओळ म्हटली की ती समोरच्या भिंतीवर आपटून परत यायची, तोवर दुसरी सुरू झालेली असायची, आणि दोघी मध्येच एकमेकींच्या अंगावर पडायच्या. शेजारचा काय गातोय ते कळत नाही म्हणून जो तो जोर लावायचा, आणि जोर लावला की होतं तेही ऐकू येईनासं व्हायचं. वय झालेल्या गळ्यांनी किती दिवस ओरडायचं? एकेक माणूस यायचा बंद होत होता.

एकदा मास्तर तालमीहून घरी आले, खांद्यावरची पिशवी खुर्चीत टाकली आणि म्हणाले, "इतकी वर्षं गातोय गं आम्ही. एकदा तरी आमचं गाणं आम्हाला ऐकू यावं." एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. हॉल तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण नकाशाबाईंच्या मनात ते वाक्य घर करून बसलं, आणि पुढे कोरा कागद समोर आला तेव्हा पहिली रेघ त्यांनी त्या वाक्यासाठी मारली.

ती रेघ तिरकी होती. रंगमंचाच्या मागे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर त्यांनी कागदावर लाकडी फळ्या जराशा कलत्या बसवल्या होत्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. आवाज अशा भिंतीवर गेला की सरळ उलटा येऊन डोक्यात बसत नाही, चहूकडे सारखा पसरतो. शेजाऱ्याचा शेजाऱ्याला कळतो आणि शेवटच्या खुर्चीतल्या आजोबांनाही कळतो. बाकी हॉल कुणाचाही असो, छप्पर पेलणाऱ्या कैच्या, उंची, दारं, पडदे, ज्याला जे हवं ते मिळो. या फळ्या मात्र मास्तरांच्या, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कुणाला बोलल्या नाहीत. मास्तरांनाही नाही.

आता मास्तरांना का नाही, तर तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं. या गावाच्या समितीचा एक नियम होता. पूर्वी कधीतरी शाळेच्या मैदानाला भिंत घालायची होती, आणि तिचं काम तेव्हाच्या अध्यक्षांनी आपल्या मेहुण्याला दिलं. भिंत वर्ष काढायच्या आत खाली बसली. ती बसली ती बसली, पण गावातली निम्मी घरं निम्म्या घरांशी बोलेनाशी झाली. तेव्हापासून ठरलं, की बैठकीत ज्याचा विषय निघेल, त्याच्या घरच्यांनी उठून बाहेर जावं. हात वर करायचा नाही, मत द्यायचं नाही, दाराला कान लावायचा नाही. मिटलेला विषय पुन्हा काढायचाही नाही. नियम सोन्यासारखा. पण एखाद्या घरात एक माणूस हॉल काढणारं आणि दुसरं त्यात गाणारं निघेल, हे नियम करणाऱ्या शहाण्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठका व्हायच्या. आराखड्याचा विषय निघाला की मास्तर उठायचे, कारण आराखडा बायकोचा. गाण्याचा विषय निघाला की नकाशाबाई उठायच्या, कारण गाणं नवऱ्याचं. दारात दोघांची गाठ पडायची. मास्तर दार धरून उभे राहायचे, बाई त्यांच्याकडे न बघता बाहेर पडायच्या. बाहेरच्या बोळात पिण्याच्या पाण्याचं मशीन होतं आणि भिंतीवर 'दात कसे घासावेत' असं एक चित्रमय पत्रक. हॉल पुरा होईपर्यंत दोघांनाही ते तोंडपाठ झालं होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण प्रामाणिकपणाचंही काही माणसांना व्यसन लागतं. घरीसुद्धा हॉलचा विषय काढायचा नाही, असं या दोघांनी आपणहून ठरवून टाकलं. उद्या कुणी बोट दाखवायला नको. बाकीचं गाव काय करत होतं? बॅडमिंटनचे सर रॅकेट घेऊन थेट नकाशाबाईंच्या स्वयंपाकघरात आले आणि छप्पर किती वर हवं ते ओट्यावर चढून दाखवून गेले. नाटकवाले पडद्यांचे नमुने घेऊन आले आणि चहा-बिस्किटं संपवून गेले. अध्यक्षांना घडीच्या खुर्च्या ठेवायला खोली हवी होती, तीही रंगमंचाला लागून. तेवढा भाजी निवडणारा माणूस घरातला, म्हणून त्याने तोंडाला कुलूप लावलं होतं.

ताई म्हणाली, "तुम्हा दोघांची डोकी एकत्र केली तरी एक पुरतं व्हायचं नाही."

आणि मग ती बैठक आली. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं आणि ते प्रत्येक गोष्ट गोळी कधी घ्यायची ते सांगावं तशी सावकाश, दोनदा सांगायचे. "आता गाण्याचा विषय. गाण्याचा," ते म्हणाले. नकाशाबाई उठल्या. मास्तर बोळातून आत आले. दार लागलं. बाईंनी पाण्याचा पेला भरला, दात घासण्याचं पत्रक वाचलं, पुन्हा पेला भरला. आतून हसण्याचा आवाज आला. चांगलं चाललेलं दिसतंय, असं त्यांना वाटलं.

दार उघडलं तेव्हा मास्तरांचा चेहरा खुशीत होता. कुणाला त्रास न देता एखादं काम उरकल्यावर तो तसा व्हायचा.

"झालं, नकाशाबाई," अध्यक्ष म्हणाले. "त्या तिरक्या फळ्या आपण काढून टाकतोय. फळ्या काढून टाकतोय. भिंती सपाट."

"कुठल्या फळ्या?" बाईंनी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"भिंतीवरच्या. सर म्हणतात त्यात शटल अडकेल. आणि मागे खुर्च्यांची खोली ऐसपैस होते. आम्ही मास्तरांना विचारलं हं, न विचारता नाही केलं. मास्तर म्हणाले, आम्ही कुठेही गाऊ."

नकाशाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसले. तो माणूस चक्क हसला.

"अहो, पण फळ्या हा आराखड्याचा विषय आहे," बाई म्हणाल्या. "माझा विषय आहे तो."

"फळ्या कशासाठी होत्या?"

"गाण्यासाठी."

"मग तो गाण्याचा विषय झाला."

"पण कागदावर काढल्या मी आहेत! त्या काय करतात ते मला माहीत आहे!"

"म्हणूनच तर तुम्ही बाहेर होतात," अध्यक्ष समजावून म्हणाले.

नकाशाबाई खाली बसल्या. पुढे कुणाचा विषय निघाला, कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, त्यांच्या काही लक्षात राहिलं नाही. घरी आल्यावर मात्र नियम गेला खड्ड्यात.

"फळ्या कशाला होत्या, माहीत आहे तुला?"

मास्तर चप्पल काढत होते. "मला वाटलं, शोभेच्या असतील."

"शोभेच्या! मी जन्मात शोभेची वस्तू काढली आहे कधी? तीस वर्षं सांडपाण्याचे पाइप काढतेय मी!"

"मग तू सांगायचंस ना."

"कसं सांगू? नियम!"

"तेच तर," मास्तर म्हणाले. ते खरोखर गोंधळले होते. "ते सगळे बसले होते. सर म्हणाले, मुलांना खेळायला अडचण होईल. मी काय म्हणायचं होतं? आमच्यासाठी अडचण होऊ द्या? तुझ्यावर आलं असतं ते. म्हणाले असते, बाईने नवऱ्यासाठी हॉल बांधला."

बांधतच होते मी, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. गिळायची सवय त्यांना बरीच जुनी होती. भांडं आपटून त्यांनी चहा टाकला आणि मास्तरांना साखर घालायला मुद्दाम विसरल्या. मास्तर तो तसाच प्यायले, आणि त्याने तर बाईंचं डोकं आणखीच फिरलं. भांडणारा नवरा परवडला, पण हा असा सगळं निमूटपणे पिणारा माणूस, त्याच्यावर चिडायचं तरी कसं आणि कुठून सुरुवात करायची?

मिटलेला विषय घरच्यांना काढता येत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी काढला असता, त्यांना गाण्याची कळकळ होती. पण मास्तरांचा शब्द त्या कशा खाली पाडणार? तेव्हा नकाशाबाईंनी चोरवाट धरली. पुढच्या आराखड्यात त्या फळ्या 'बॅडमिंटनसाठी भिंतीचं संरक्षण' म्हणून परत आल्या. सर म्हणाले, "नको बाई, भिंत कशी सपाट पाहिजे, ताटासारखी." मग त्या खुर्च्यांच्या खोलीची दारं होऊन आल्या. अध्यक्ष म्हणाले, तिरप्या दारावर धूळ बसते, धूळ. नकाशाबाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. हॉल आता एक छानसा, मोठासा, लाकडी खोका झाला होता. त्यात काहीही करता आलं असतं, आणि मास्तरांचं गाणं तेवढं बिघडलं असतं.

एकच जागा उरली होती, ज्यात कुणाला काही करायचं नव्हतं. लॉबी. मुख्य दारातून आत आल्यावर हॉलच्या अलीकडे, छत्र्या ठेवायला आणि कोट अडकवायला जेवढी जागा लागते तेवढी. समितीत तिच्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता, म्हणजे तिच्यापायी कुणी बाहेरही गेलं नव्हतं. ती नकाशाबाईंनी एका दुपारी रागाच्या भरात कागदावर उरकून टाकली. हॉलचं उतरतं छप्पर तिच्यावरून तसंच खाली येऊ दिलं, वरचे वासे उघडे ठेवले, आणि कागद बाजूला सारला.

बांधकाम सुरू झालं. सुतार जुना ओळखीचा होता, हाताने चांगला आणि तोंडाने अखंड कुरकुरणारा. लाकूड ओलं आहे म्हणून कुरकुर, लाकूड वाळलं म्हणून कुरकुर. हॉलच्या भिंती, जमीन, सगळं झाल्यावर तो म्हणाला, "बाई, तुकड्यांचा ढीग पडलाय. लांब आहेत, आखूड आहेत, जाड आहेत, बारीक आहेत. माझ्या दारात नेऊन टाकू का? बायको मला घरात घेणार नाही."

"लॉबीच्या भिंतींना लाव."

"एकसारखे नाहीत ते. कापून एका मापाचे करायचे म्हणजे—"

"कापू नकोस. असतील तसे लाव. कुठला पुढे येऊ दे, कुठला मागे जाऊ दे."

"मध्ये फटी राहतील."

"राहू देत! सपाट भिंत बघायची इच्छाच नाही राहिली मला."

सुताराने खांदे उडवले आणि फळ्या ठोकल्या. नकाशाबाई त्या बघायला गेल्याही नाहीत.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. आणि लोकांनी मान वर करून पाहिलं. खरंच पाहिलं. छपराच्या लाकडी कैच्या एका भिंतीवरून उठून दुसऱ्या भिंतीवर अलगद उतरत होत्या, मध्ये एकही खांब नव्हता, आणि नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा वास सगळ्या हॉलभर होता. गिरणीवाला तर स्वतःच्या झाडांना पहिल्यांदा भेटल्यासारखा बघत उभा राहिला. नकाशाबाईंनी आयुष्यभर या क्षणाची वाट पाहिली होती. तो आला तेव्हा त्या घड्याळाकडे बघत होत्या, कारण भाषणांनंतर गाणं होतं.

गाणं झालं. जे व्हायचं होतं तेच झालं. टाइल्सच्या जागी लाकूड आलं होतं, पण सपाट भिंत समोरच्या सपाट भिंतीकडे बघत उभी होती, आणि आवाज त्या दोघींच्या मध्ये चेंडूसारखा फिरत राहिला. बसचे ड्रायव्हर एका ओळीवर, काकू दुसऱ्या ओळीवर. शेवटची ओळ संपल्यावरही हॉल थोडा वेळ आपला आपणच गात होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण लोक भले होते.

"छान झालं की," मास्तर घरी जाताना म्हणाले.

"छान?" ताई म्हणाली. "माझाच आवाज फिरून येऊन मला चावला."

नकाशाबाई दोन पावलं पुढे चालू लागल्या. त्यांना रडू येत होतं आणि रस्त्यात रडायचं नव्हतं.

त्यानंतर काही आठवडे त्या हॉलकडे फिरकल्या नाहीत. मग पावसाने लाकूड फुगलं आणि मुख्य दार घासायला लागलं, तेव्हा सुताराला घेऊन जावंच लागलं. संध्याकाळची वेळ होती. हॉलमध्ये सरांचा बॅडमिंटनचा वर्ग नेहमीप्रमाणे लांबला होता, आणि गाणारी मंडळी लॉबीत भिजक्या छत्र्यांमध्ये ताटकळत उभी होती. सुतार दाराशी वाकला. नकाशाबाई बाहेरच्या पायरीवर थांबल्या. कंटाळून ताईने गुणगुणायला सुरुवात केली, अगदी नाकातल्या नाकात. काकूंनी वरच्या सुरात साथ धरली. डॉक्टरीणबाई सामील झाल्या. ड्रायव्हर खालच्या सुरात मिसळले. कुणी जोर लावत नव्हतं, वाट बघताना कोण जोर लावतं?

आणि मास्तरांनी हात वर केला. सगळे थांबले.

"ड्रायव्हरसाहेब," मास्तर हळूच म्हणाले, "तुम्ही ती दुसरी ओळ चुकीची गाताय."

"हो मास्तर," ड्रायव्हर म्हणाले. "मलाही आत्ताच ऐकू आलं."

"किती वर्षं गाताय अशी?"

"पहिल्यापासूनच गात असेन. कळलं कुणाला?"

सगळे हसले, आणि ते हसूसुद्धा वेगवेगळं ऐकू आलं, हे काकूंचं, हे ताईचं. मग त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली. जाड-बारीक, पुढेमागे ठोकलेल्या त्या तुकड्यांनी आवाज कुठे अडवला नाही, कुठे परत फेकला नाही. ड्रायव्हरांचा खालचा सूर जमिनीसारखा होता आणि बाकीचे त्याच्यावर पाय रोवून उभे होते. सुताराचा रंधा थांबला होता. मास्तरांनी डोळे मिटले होते. इतक्या वर्षांत नकाशाबाईंनी त्यांना गाणं बसवताना पाहिलं होतं, शिकवताना पाहिलं होतं, घसा खरवडताना पाहिलं होतं. गाणं ऐकताना कधीच पाहिलं नव्हतं.

त्यांना आनंद झाला असं म्हणायला कुणालाही आवडेल. पण आधी आला तो संताप. एवढा मोठा हॉल! एवढं लाकूड, एवढ्या बैठका, ते दातांचं पत्रक! आणि नवरा गातोय कुठे, तर छत्र्या ठेवायच्या जागेत, दुसऱ्याचा खेळ संपायची वाट बघत. तिथल्या तिथे कुणाची तरी मानगूट धरावी असं त्यांना वाटलं, आणि ती कुणाची हे ठरवता येईना.

मंडळी तेव्हापासून लॉबीतच गायला लागली. सोडून गेलेल्यांपैकी एकदोघे परत आले. मास्तर रात्री जेवताना वाटीवर बोटांनी ठेका धरायला लागले. घरात लॉबीचा विषय कुणी काढला नाही.

तो निघाला समितीत. बैठका आता हॉलमध्येच व्हायच्या, मध्यभागी टेबल टाकून. सरांच्या मुलांनी बाहेरगावच्या स्पर्धांत बरीच बक्षिसं मारली होती आणि ती ठेवायला काचेचं कपाट हवं होतं. अध्यक्ष मोजायचा टेप घेऊनच आले होते.

"लॉबी तशी रिकामीच आहे. रिकामी. कपाट उजव्या भिंतीला, सूचनाफलक डाव्या. त्या ओबडधोबड फळ्या काढून भिंती सपाट करून घेऊ, म्हणजे कपाट नीट टेकेल."

"पण तिथे आम्ही गातो," बेकरीवाल्या काकू म्हणाल्या.

"असं होय," अध्यक्ष म्हणाले. "मग हा गाण्याचा विषय झाला. नकाशाबाई, तुम्ही जरा बाहेर. आणि लॉबी काढली बाईंनी, तेव्हा मास्तर, तुम्हीही. दोघेही."

मास्तर सवयीने उठले. दारापर्यंत गेले, दार उघडून धरलं आणि बायकोसाठी थांबले.

नकाशाबाई उठल्या नाहीत.

"मी जाणार नाही," त्या म्हणाल्या.

कुणीतरी खोकलं. तो खोकला दोन्ही भिंतींवर जाऊन परत आला.

"बाई, नियम आहे," अध्यक्ष म्हणाले.

"आहे ना. पाळला मी. मी बाहेर गेले आणि तेवढ्या वेळात तुम्ही हॉल बिघडवलात. तुम्हाला दोष देत नाही, तुम्हाला कळत नव्हतं आणि कळत होतं त्या माणसाला तुम्ही बाहेर पाणी प्यायला पाठवलं होतं." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "माझा नवरा त्या लॉबीत गातो. माझा नवरा आहे म्हणून मला ती तशीच हवी आहे. घरच्याची बाजू घेतली म्हणा. घेतली. हा सगळा हॉल मी त्याच्यासाठीच काढला होता, आणि मग तुम्ही, मी, आणि हा स्वतः, सगळ्यांनी मिळून ह्यालाच त्यातून बाहेर काढलं. आता त्या बाहेरच्या खोलीतूनही काढायचं म्हणता. त्या फळ्यांना कुणी हात लावायचा नाही."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. अध्यक्षांनी त्यातल्या त्यात समजूतदार माणसाकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्ही तरी सांगा. तुम्ही तर मागेच म्हणाला होतात."

मास्तर अजून दार धरून उभे होते. बायको आपल्याकडे बघत होती. ती रागावलेली नव्हती. नुसती वाट बघत होती.

"हो, म्हणालो होतो," मास्तर म्हणाले. "आम्ही काय, कुठेही—"

आणि थांबले. दार त्यांनी हळूच लावून घेतलं, आतून.

"नाही," ते म्हणाले. "कुठेही नाही. तिथेच."

त्या सपाट भिंतींनी तो शब्द एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने परत आणला, आणि अध्यक्षांनी टेप गुंडाळून खिशात घातला.